न गळलेलं छप्पर

या, असे पुढे या. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांपर्यंत कथा अर्धीच पोचते, हे चाळीस वर्षं कीर्तनं ऐकून झाल्यावर सांगतो. पाय दुखत असतील तर खुशाल पसरा, मी काही बुवा नव्हे. मी चंद्रभान, विद्यापीठाच्या ग्रंथालयातला निवृत्त मदतनीस. मला टाळ धरता येतो, गाता येत नाही. तरी आज एक आख्यान सांगणार आहे. यात देव नाही, राजा नाही. एक ग्रंथालय आहे, एक होडी बांधणारा आहे, आणि एक माळकरी आहे, जो खोटं बोलला. तो माळकरी मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जीभ अडखळली तरी तुम्हाला कारण माहीत असेल.

आमचं ग्रंथालय बेटेगावच्या अलीकडे माळावर आहे. विद्यापीठाचं आवार झालं तेव्हा तिथे गवत, काळे कातळ आणि चार ताडाची झाडं एवढंच होतं. पुस्तकं मात्र इमारतीच्या आधी आली. पहिली तीन वर्षं ती पालघर रस्त्यावरच्या एका बंद भातगिरणीच्या वखारीत राहिली. आजही जुनं एखादं पुस्तक झटकलं तर पानांतून कोंडा पडतो आणि मुलं शिंकतात.

मग इमारत उभी राहू लागली. जोतं काळ्या दगडाचं, कमरेपर्यंत उंच, ओल चढू नये म्हणून. खिडक्या सगळ्या उत्तरेला, कारण पश्चिमेकडून पाऊस आडवा मारतो आणि दक्षिणेचं ऊन पुस्तकांचे कणे पांढरे करतं. आमच्या पहिल्या संचालकांचा एकच हट्ट होता: वाचनाच्या हॉलमध्ये मधे एकही खांब नको. "वाचताना मान वर केली तर खांब दिसता कामा नये," म्हणायचे. कंत्राटदार म्हणाला, मग छपराला आधाराच्या लोखंडी कैच्या घाला. संचालक म्हणाले, समुद्राची खारी हवा आणि कारखान्यांची हवा, दोन्ही मिळून तुमचं लोखंड पाच वर्षांत खातील.

असा वाद चालू असताना ते एका रविवारी दातिवऱ्याला गेले. पावसाळ्यापुरत्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या आणि एक छोटी होडी डागडुजीसाठी पालथी घातली होती. तिच्या सावलीत कुत्रं निजलं होतं. संचालक वाकून आत बघत राहिले. होडीवर वामन मिस्त्री बसले होते, फटीत कापूस आणि राळ ठोकत.

दुसऱ्या खेपेला साहेबांनी मलाही नेलं. मिस्त्रींनी माझ्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली आणि घरात ओरडले, "जमने, कोरा चहा कर फकस्त. माळकरी हाय. मासळी खात नाय तो दातिवऱ्यात कशाला आला, देवालाच माहीत."

जमना त्यांची मुलगी. ती हसत म्हणाली, "बाबा, त्यांना वास तरी घेऊ द्या, वास घेतला तर पाप नाय."

साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, चाळीस माणसांच्या होडीएवढं छप्पर बांधाल? उलटं?"

"उलटं काय नि सुलटं काय," मिस्त्री म्हणाले. "पाणी खालनं येवो का वरनं, आत नाय येऊ द्यायचं. काम तेच."

त्या दिवसापासून ते मला नावाने कधी हाक मारेनात. माळकरी म्हणत.

वर्षभर काम चाललं. नकाशा नव्हता. एक दोरी, खडूचा तुकडा आणि मिस्त्रींचा डावा डोळा. उजवा मिटून ते लाकडाच्या टोकाशी उभे राहत आणि म्हणत, "ही नाय, दोन केस डावीकडं." होडीला खाली कणा असतो, त्याला ते पठाण म्हणत, तोच इथे छपराच्या आढ्याला वर गेला. त्याच्यापासून दोन्हीकडे सागाच्या वाकवलेल्या फासळ्या उतरल्या. पठाण चढवला त्या दिवशी दातिवऱ्याच्या बायका टेम्पोत बसून आल्या, नारळ फोडला, होडीला म्हणतात ती गाणी म्हटली. ग्रंथालयाच्या भिंतींनी ऐकलेला पहिला आवाज तो. मग मिस्त्रींनी हॉलभर वर्तमानपत्रं अंथरली, मुलांना वर चढवून घागरीच्या घागरी ओतायला लावल्या आणि स्वतः खाली पाठीवर आडवे झाले. दोन तास. एकाही कागदावर थेंब नव्हता. उठले तेव्हा त्यांच्या उघड्या पाठीवर बातम्यांची शाई उमटली होती आणि मुलं ती वाचत होती.

एवढंच असतं तर हे आख्यान फार गोड झालं असतं.

आढ्याच्या बाजूने मिस्त्रींनी बारा झडपा ठेवल्या होत्या. बंद हवेत पुस्तकांना बुरशी धरते, म्हणून. पावसाने उघडीप दिली की त्या उघडायच्या, कोंदट हवा वर निघून जायची. बाराही झडपांना मिळून एकच दोरी, शिडाच्या दोरीसारखी. एका ओढीत सगळ्या बंद. ती दोरी त्यांनी माझ्या हातात दिली. "ढग बघून नको ओढू, माळकरी. ढग फसवतो. वारा फिरला की ओढ. आणि झडपा उघड्या असताना दोरी सोडून कुठं जाऊ नको."

सहा पावसाळे मी गेलो नाही.

सातव्या वर्षी श्रावणात सरावलीला सप्ताह होता. आमच्या परभणीकडची, जालन्याकडची पुष्कळ मंडळी तिथे चाळींतून राहतात, कारखान्यांत पाळ्या करतात, आणि वर्षातून एकदा मारुतीच्या देवळापुढे पत्र्याचा मांडव घालून हरिनाम लावतात. शेवटचा दिवस रविवार होता. सकाळी काल्याचं कीर्तन. ग्रंथालय बंद होतं, पण तीन दिवसांनी ऊन पडलं होतं, म्हणून मी आठ वाजता जाऊन झडपा उघडल्या. मनात म्हटलं, सायकलने वीस मिनिटं, थोडं ऐकून येतो.

श्रोतेहो, काय कीर्तन होतं ते! महाराजांचा गळा असा की पखवाजवाला वाजवता वाजवता रडत होता. गोपाळ शिदोऱ्या सोडून बसले आहेत, देव एकेकाच्या हातचं उष्टं मागतो आहे, इथवर कथा आली आणि मांडवाच्या पत्र्यावर पाऊस कोसळला. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आभाळाने ठेका धरला. मी डोळे मिटून डोलू लागलो. शेजारी माझी बायको रंभाबाई बसली होती. तिने माझा सदरा ओढला. "अहो, झडपा."

मी हाताने तिला गप्प केलं. म्हटलं, "काला होऊ दे."

काला झाला, दहीहंडी फुटली, पंगत बसली. मी तीन वाजता ग्रंथालयात पोचलो. कुलूप काढलं तर मधल्या लांब टेबलावर पाणी, जमिनीवर पाणी, आणि आढ्याच्या खालची कपाटं वरून भिजलेली. दोनशे अकरा पुस्तकं. त्यांत आमच्या एका प्राध्यापिकेने गावोगाव फिरून हाताने लिहून आणलेल्या किनाऱ्यावरच्या गाण्यांच्या वह्या होत्या; शाई पानांवरून निळी वाहून गेली होती. मी आधी काय केलं? दोरी ओढली. झडपा बंद केल्या. मग पुसायला लागलो.

चार वाजता संचालक आले. बघून मटकन खुर्चीवर बसले. म्हणाले, "चंद्रभान, झडपा?"

माझ्या कपाळावर कीर्तनातला बुक्का अजून ओला होता.

"बंद होत्या साहेब. छप्पर गळलं."

त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी तेच लेखी दिलं, खाली सही केली.

वामन मिस्त्रींना बोलावणं गेलं. आवारातले इंजिनिअर आधीच म्हणत होते, होडीवाल्याला घराचं काय कळणार. मिस्त्री आले, भिजलेली पुस्तकं बघितली, मग मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "माळकरी, दोरी ओढली व्हती ना?"

"ओढली होती."

"मंग गळलं," ते म्हणाले. बस्स. त्यांनी माझ्यावर जरासुद्धा संशय घेतला असता ना, तर मी बहुतेक तिथेच कोसळलो असतो. पण माळ घातलेला माणूस सांगतो आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या छपरावर संशय घेतला.

तीन दिवस ते पावसात छपरावर होते, पासष्टीचा माणूस. वरून ओरडत, "माळकरी, पडतंय काय?" मी खालून, "नाही मिस्त्री." पुन्हा, "आता?" "नाही." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पडलं व्हतं कुठं? बोट दाखव." आणि मी, मायबाप, बोट दाखवलं. उगाच एका फळीकडे. त्यांनी ती फळी आणि तिच्या आजूबाजूच्या चार उपटून काढल्या. आतून सुक्या, ठणठणीत. हातात घेऊन ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग नव्या बसवल्या. खाली उतरल्यावर हत्यारं पोत्यात भरताना म्हणाले, "चांगल्या फळीत मला गळती दिसना. नजर गेली माजी."

पुढे कळलं, त्यांनी दातिवऱ्यात एक अर्धी बांधलेली होडी दुसऱ्या मिस्त्रीच्या हवाली केली. "माज्या हातची होडी घेऊन पोरं समुद्रात जातील, नको," म्हणाले. त्यानंतर त्यांनी होडी बांधली नाही.

आणि मी? मी दर वर्षी नव्या मुलांना हॉल दाखवत असे. मुलांना गोष्ट आवडते, मला सांगायला आवडतं. फासळ्यांपाशी आलो की म्हणायचो, "होडीवाल्याने बांधलं हो, म्हणून छपराला पाण्याशिवाय करमत नाही!" मुलं हसत. पंधरा वर्षं हसत. निवृत्त झालो त्या दिवशीही हे एकदा सांगून हशा घेतला.

यंदा इमारतीला पंचवीस वर्षं झाली. आता ग्रंथपाल प्रियदर्शिनी मॅडम आहेत. त्यांनी मला घरून बोलावून घेतलं. "काका, स्मरणिकेत ग्रंथालयाचा इतिहास तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? आणि आता लिहायलाच हवं, कारण हे छप्पर काढणार आहेत. समितीने ठरवलंय, त्या जागी तीन मजले, वातानुकूलित."

"काढणार का?" मी विचारलं.

"सुरुवातीपासून गळतं म्हणून." त्यांनी फाईल पुढे केली. कारणाच्या रकान्यात एकच पुरावा जोडला होता. एकोणीस वर्षांपूर्वीचं निवेदन. खाली माझी सही, वळणदार.

घरी येऊन मी रंभाबाईला सांगितलं, की छप्पर काढणार आहेत, माझ्या कागदावरून. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी त्या दिवशी सदरा ओढला होता तुमचा."

"तुला ठाऊक होतं? इतकी वर्षं?"

"तुम्ही कधी सांगता, त्याची वाट बघत होते. दर एकादशीला वाटायचं, आज सांगतील." खडा काढून बाजूला टाकला. "कीर्तनात बाकी छान रडता."

मी दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशीही ग्रंथालयात येऊन नुसता इतिहास लिहीत बसलो. जोतं, खिडक्या, भातगिरणी, सगळं झरझर उतरलं आणि झडपांपाशी येऊन थांबलं. चौथ्या दिवशी सकाळी अकराला रिक्षा आली. आतून जमना उतरली, केस पिकलेली, आणि तिने हात धरून वामन मिस्त्रींना उतरवलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे. काठी, टोपी, पांढरा सदरा.

मॅडम धावत पुढे गेल्या. जमना म्हणाली, "छप्पर पाडणार, असं गावात कळलं. तेवापासून बाबा ऐकत नाय. बोलतात, पाडतील तेवा मला तिथं खुर्ची टाकून द्या."

"आजोबा, वाईट वाटतंय ना?" मॅडम म्हणाल्या.

"वाईट कसलं, लाकूड हाय, पडंल," मिस्त्री म्हणाले. "पाडताना एक एक फळी निघंल. मंग कळंल ना गळती कुठं व्हती. मला सापडली नाय ती. ती बघून मरायचंय." मग त्यांनी मला ओळखलं. आधी माळ, मग तोंड. "माळकरी! अरे जिता हायस! चल, आत चल. तू तेवा बोट दाखवलं व्हतंस, ते परत दाखव. माज्या ध्यानात जागा ऱ्हायली नाय."

आम्ही आत गेलो. हॉलमध्ये पाच-सहा मुलं वाचत होती. मिस्त्री मधोमध उभे राहिले, मान वर केली, आणि सवयीने उजवा डोळा मिटला. "दाखव."

माझा हात उठेना.

"मिस्त्री," मी म्हटलं, "गळती नव्हती."

"आं?"

"छप्पर गळलं नाही. कधीच गळलं नाही. झडपा उघड्या होत्या. मी दोरी ओढली नव्हती. मी इथे नव्हतोच. सरावलीला कीर्तनात होतो."

वाचणारी मुलं थांबली. मॅडमच्या हातातली किल्ली टेबलावर पडली. मिस्त्रींनी मिटलेला डोळा उघडला.

"दोरी ओढली नव्हती?"

"नव्हती."

"बारा झडपा उघड्या?"

"बाराही."

ते मनातल्या मनात काहीतरी मोजत राहिले. "कितीक वेळ पडला पाऊस?"

"चार तास."

"चार तास, बारा झडपा, आणि दोनशेच पुस्तकं भिजली?" त्यांचा आवाज चढला. "मंग उतार झ्याक व्हता की रं!"

तेवढ्यात जमना पुढे आली. "काका, माज्या बापानं हत्यारं गंजवली. होड्या बांधायच्या तिथनं जायचं सोडलं, समुद्राकडं पाठ करून बसायचा. माजी आय बोलायची, याची नजर नाय गेली, कोणी तरी याचं मन नेलं. आमी तिलाच गप केली. ती गेली तशीच." तिने माझ्या गळ्याकडे बोट केलं. "ती माळ काढा. काढून ठेवा इथं टेबलावर."

ती बरोबर बोलत होती. मी दोन्ही हात मानेमागे नेले, गाठ शोधू लागलो. गाठ लागेना.

"नको," मिस्त्री म्हणाले. "काढलीस तर मी वळखायचा कसा तुला? नजर गेलीय ना माजी."

कोणी हसलं नाही. मी मात्र आयुष्यात कोणाच्या शब्दांनी इतका लहान झालो नव्हतो. मी त्यांच्या पायांशी बसलो. त्यांनी मला उठवलं नाही, आशीर्वादही दिला नाही. काठीने फरशीवर दोनदा टकटक केलं आणि विचारलं,

"कीर्तन चांगलं व्हतं काय?"

खोटं बोलायची सोय होती. म्हणता आलं असतं, काही खास नव्हतं. "फार चांगलं होतं, मिस्त्री," मी म्हटलं. "त्याच्यासारखं पुन्हा ऐकलं नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "भिकार असतं तर लय राग आला असता."

जमनाने चहा घेतला नाही. मॅडमनी आणलेला कप तिने दोन्ही हातांनी परत सरकवला. मिस्त्रींनी मात्र बशीत ओतून प्यायला, आणि पिता पिता वर बघत राहिले.

ते गेल्यावर मॅडम मला काका म्हणाल्या नाहीत. कागद पुढे ठेवून म्हणाल्या, "लिहा. तारखेसकट लिहा. तुमचा हॉल दाखवण्याचा तो विनोद मीही ऐकलाय, विद्यार्थिनी होते तेव्हा. मीही हसले होते." मी लिहिलं. झडपा, दोरी, सरावली, बोट, तो विनोद, सगळं. "स्मरणिकेत छापू?" त्यांनी विचारलं. छापा म्हटलं. घरी येऊन रंभाबाईला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, आणि त्या संध्याकाळी मी हरिपाठाला बसलो असताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती येऊन शेजारी बसली.

माझा कागद आता त्या फाईलला जोडला आहे. छप्पर राहील की जाईल, मला सांगता येत नाही. समिती अजून बसते आणि उठते. पण कारणाच्या रकान्यातलं ते वाक्य खोडलं गेलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

मिस्त्रींची खबर मला जमनाकडून मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन महिन्यांनी तिचा फोन आला. आवाजात गोडवा नव्हता. "बाबा रोज सकाळी किनाऱ्यावर जातात," म्हणाली. "दुसऱ्यांच्या होड्यांपाशी उभे ऱ्हातात आणि खोड काढतात. ही फळी वाकडी, तो सांधा ढिला. सगळा गाव कावलाय. एकोणीस वरसं तोंड उघडलं नव्हतं, आता मिटत नाय. म्हातारे मिस्त्री बी येऊन विचारून जातात." मग म्हणाली, "तुमाला सांगायचं नव्हतं. पण कोणाला तरी सांगायला पाहिजे ना."

मार्गशीर्षात ते गेले. तिचा तो दुसरा आणि शेवटचा फोन. मी दातिवऱ्याला गेलो, लोकांच्या मागे उभा राहिलो. जमनाने मला पाहिलं. जा म्हणाली नाही, पुढेही बोलावलं नाही. तिचं बरोबर होतं. मी क्षमा मागितली आहे, मिळाली असं कोणी म्हटलेलं नाही, आणि ती मागून मिळवायची वस्तू नाही, इतकं मला या वयात कळलं. आता कीर्तनाला बसतो तेव्हा डोळे मिटत नाही. महाराज वर देवाचं नाव घेतात आणि मला छपरावरून विचारणारा आवाज ऐकू येतो, "माळकरी, आता पडतंय काय?"

झालं. माझ्यासाठी काही मागत नाही. तुमच्यापैकी कोणी पालघर-बोईसरकडे गेलात आणि त्या हॉलमध्ये पुस्तक उघडून बसलात, तर पहिलं पान वाचायच्या आधी एक क्षण दातिवऱ्याच्या वामन मिस्त्रींची आठवण काढा. त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती, हेही त्यांच्या नावासोबत आठवा.